सगळे तिथेच असतात

५ जून

आज ही गेली. परिचारिकांचा पुढचा अभ्यासक्रम आहे, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात. दीड वर्ष. ‘जा’ म्हणून मागे लागणारा मीच, त्यामुळे स्टेशनवर तोंड पाडायचीही सोय नव्हती. गाडी हलताना खिडकीतून म्हणाली, "गॅसकडे बघा, आणि पोराकडे बघा." याच क्रमाने.

पोरगं स्टेशनवर आलं नाही. दारातच आईच्या गळ्यात पडला, एका कानावर हेडफोन तसाच. कसलीशी लढाई अर्धवट राहिली होती म्हणे. पंधरा वर्षांचा घोडा झालाय, माझ्यापेक्षा दोन बोटं वर गेलाय, तरी नाव टिल्लूच. जुन्या गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. गल्ली सुटली, नाव काही सुटलं नाही.

घरी आलो तर स्वयंपाकघरात तिचा कप धुऊन पालथा घातलेला. उगाच सरळ करून ठेवला.

१३ जून

जमतंय. मी सकाळी भात आणि अंडी करतो, मग लिफ्टच्या कामावर जातो. आज एका उंच इमारतीत लिफ्टचे दोर बदलले. मदतनीस त्याच्या पुतण्याचं रडगाणं गात होता. पोरगा दिवसभर गायब, कुणाबरोबर असतो पत्ता नाही, परवा मारामारी करून आला. मी म्हटलं, माझं पोर शाळा सुटली की घरात. खोलीत खेळत बसतं, पण डोळ्यांसमोर असतं.

"नशीब काढलंत साहेब," तो म्हणाला.

काढलंयच. त्यासाठीच तर गेल्या वर्षी जुनी गल्ली सोडून इथे आलो. तिथे याचं चौघांचं टोळकं होतं. शाळेतून आले की दप्तरं फेकायची आणि पाण्याच्या टाकीमागे लपाछपी, नाहीतर कट्ट्यावर बसून खिदळायचं. त्यातला लंब्या नावाचा पोरगा एकदा सिगारेट ओढताना सापडला आणि त्याच दिवशी मी ठरवलं, बस्स. टिल्लूला सांगून टाकलं, नवीन घर, नवीन शाळा, त्या पोरांशी संबंध पुन्हा नको. गाल फुगवून बसला होता. मग त्याला खेळायचं ते यंत्र आणून दिलं, मोठ्या पडद्यासकट. कळी खुलली. पोरांचं काय, नवं खेळणं दिलं की जुनं विसरतात.

२१ जून

शेजारीण भाजी आणायला निघाली होती, तिची मुलगी पिशवी घेऊन मागे. मुलगा टिल्लूएवढाच आहे, तोही खोलीत बसून तेच खेळतो. "मुलाला नाही का पाठवत कधी?" मी सहज विचारलं. ती हसली. "मुलं कुठे ऐकतात हो. मुलीचं तसं नसतं."

खरंय. मीसुद्धा टिल्लूचं ताट खोलीत नेऊन देतो. ताई फोनवर म्हणाली, आईविना पोर आहे सध्या, त्याला कसल्या कामाला जुंपतोस. आणि जुंपायला तो ऐकणार आहे थोडाच?

कामावरून आल्यावर दार लोटलं की तो पडद्याकडे बघतच ‘हं’ म्हणतो. मी विचारतो, जेवलास का. हं. अभ्यास झाला का. हं. झालं बोलणं. लहानपणी या तोंडाला कुलूप लावायची वेळ यायची. शाळेतून आला की जिना चढतानाच सुरू व्हायचा. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत आम्हाला सगळा दिवस कळलेला असायचा.

३० जून

संध्याकाळी हिचा फोन. इअरफोन लावून बाल्कनीचं दार ओढून घेतो, तेवढाच निवांतपणा. ती वॉर्डातल्या गमती सांगत होती. एका म्हाताऱ्याने तिला लग्नाची मागणी घातली! मी पोट धरून हसत होतो. फोनमधल्या तिच्या मागे हिरवा पडदा होता, त्याच्यावर एक डाग. तिला म्हटलं, कॅमेरा जरा खाली कर, तुझे हात दिसू देत. "काय बाई खूळ!" म्हणाली, पण केला.

आत आलो तर अंडी करपून कोळसा. टिल्लू ओट्याशी उभा. "तीन हाका मारल्या, बाबा."

ऐकू आल्या नाहीत म्हटलं.

मग रात्रीचं जेवण ब्रेडवर. जेवण झाल्याझाल्या तो आत गेला आणि थोड्या वेळाने हसण्याचा आवाज आला. त्याचं जुनं हसणं, गुदगुल्या केल्यासारखं. मी पटकन दार उघडलं. लगेच गप्प.

"कोणाशी हसतोयस?"

"कोणी नाही. टीममधले."

"कोण असतात ते?"

"असेच. तुम्ही नाही ओळखत."

पडद्यावर ठोकळ्या-ठोकळ्यांची घरं होती आणि चार बाहुले. हेडफोनमधून बारीक आवाज आला, "अरे, टाकीच्या मागे ये, टाकीच्या मागे!" कुठल्या तरी परक्या देशातली पोरं असतील. त्यांच्याशी बोलताना याला हसू येतं.

११ जुलै

शाळेतून बोलावणं. वर्गशिक्षिका वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, पण बोलायला ठाम. टिल्लू वर्गात झोपतो. गणिताच्या पेपरला नाव लिहून बसून राहिला. गेल्या आठवड्यात शाळेतच नव्हता, आणि चिठ्ठीवर सही माझी.

माझी सही! मी केलेली नव्हती.

"याचे मित्र कोण आहेत?" तिने विचारलं.

"तसा एकलकोंडाच आहे."

"आधीच्या शाळेतही?"

"छे, तिथे टोळकंच होतं. त्यातून सोडवायलाच तर इथे आणला."

"त्यांची आठवण काढतो का?"

मी हसलो. म्हटलं, मॅडम, मुलगा आहे तो. मुलं असलं काही मनात ठेवत नाहीत. तिने कागदावर काहीतरी लिहिलं, माझ्याकडे न बघता. म्हणाली, वर्गातल्या निम्म्या मुलग्यांची हीच गत आहे. जो जास्त खेळतो त्याला मान. जो खेळत नाही त्याच्याशी बोलायला विषयच नाही. "नुसतं ओरडू नका. त्याच्याजवळ बसा."

बसतो की. रोज विचारतो.

घरी येऊन ओरडलोच. मान खाली घालून म्हणाला, आता नाही करणार. बरं वाटलं. हिला कळवलं नाही, तिची परीक्षा जवळ आहे.

१९ जुलै

लिहायची लाज वाटते.

दुपारी अंगात कणकण होती म्हणून लवकर आलो. टिल्लू घरात. शाळेचा गणवेश अंगात, पडदा चालू. डोळे लाल, ओठ सुकलेले, सकाळचं ताट तसंच. सकाळी दारापर्यंत गेला असणार आणि मी गेल्यावर परत. मी भिंतीतून वायर उपटली. तो किंचाळला. असा आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. धावून आला, वायर हिसकावताना मला ढकललं, माझं कोपर दाराच्या कडीवर आपटलं.

दोघेही थबकलो. मग तो रडायला लागला. हमसून हमसून, खांदे हलत होते. मला काय करावं कळेना. तोंडातून निघालं, "रडतोस काय पोरीसारखा!"

रडणं एका क्षणात थांबलं. जणू नळ बंद केला. त्याचा चेहरा पाहिला तेव्हा वाटलं, रडला असता तर बरं.

यंत्र उचललं आणि कामावरच्या हत्यारांच्या कपाटात नेऊन कुलूप घातलं. माझ्या वडिलांनीही मला असंच सरळ केलं होतं. आम्ही झालो ना सरळ? त्यांच्याशी मात्र शेवटपर्यंत दोन वाक्यांच्या पुढे बोलणं झालं नाही, ते वेगळं.

२४ जुलै

कोपर सुजलंय. हिने फोनवर विचारलं, लिफ्टच्या दारात लागलं म्हणालो.

टिल्लू शाळेत जातो, येतो, भिंतीकडे तोंड करून पडतो. जेवण चिवडतो. हात थरथरतात. बोटं चादरीवर हलत असतात, जणू बटणं दाबतोय. मदतनीस म्हणतो, दारू सुटलेल्या माणसाचं असंच होतं, आठवडाभर कळ काढा.

आज जेवताना तोंड उघडलं. "एक निरोप फक्त देऊ द्या. मी का येत नाही ते त्यांना कळणार नाही. त्यांना वाटेल मी सोडलं."

"त्यांना म्हणजे कोणाला? ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाहीस त्यांना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी ओठांवर आलं होतं. मग ताट सरकवून उठला.

२९ जुलै

आजचा दिवस शत्रूवरही येऊ नये.

सकाळी शाळेतून फोन, आला नाही. घरी गेलो, घर रिकामं. शेजारच्या मुलाला विचारलं, त्याला काही माहीत नाही. स्टेशन, बाजार, खेळाची यंत्रं भाड्याने देणारं दुकान, सगळं पालथं घातलं. दुकानात अंधारात ओळीने पोरं बसलेली, सगळ्यांचे चेहरे निळे, एकानेही मान वळवली नाही. प्रत्येकात टिल्लू दिसत होता आणि तो एकही नव्हता. शेवटी हिला फोन केला. सगळं सांगितलं, कोपरासकट. ती एवढंच म्हणाली, "गल्लीत बघितलंत?"

माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ऊन उतरत असताना पोचलो. गल्ली ओळखू येईना. पाण्याची टाकी पाडून तिथे गाड्या लावायची जागा केलीय. कट्टा गेला, त्याच्या जागी पत्र्याचं फाटक. आमच्या जुन्या इमारतीच्या पायरीवर टिल्लू बसला होता, गुडघ्यांना मिठी मारून.

खालच्या मजल्यावरच्या काकू दारातच होत्या. "सकाळपासून बसलाय. पाणी दिलं तेवढंच प्यायला. सगळ्यांची दारं वाजवून आला बिचारा. पण आहे कोण इथे? लंब्याचे आईवडील त्याला घेऊन मामाच्या गावी गेले. चष्मा लावायचा तो बॅटरी वसतिगृहात. आणि गोट्याला बापाने गॅरेजमध्ये घातलाय, तो आता तिथेच झोपतो."

मी त्याच्या शेजारी बसलो. ओरडायचं ठरवून आलो होतो.

"तुला माहीत नव्हतं ते इथे नसतात?"

"माहीत होतं."

"मग?"

"वाटलं, एखादा असेल."

एक गाडी वळून आत आली, आम्ही पाय ओढून घेतले. ती बरोबर टाकीच्या जागी जाऊन उभी राहिली.

"मग तुला कसं माहीत होतं?" मी विचारलं. "तुमचा संबंध तर—"

"तुम्ही नको म्हणाला होतात म्हणून सांगितलं नाही. आम्ही सगळे तिथेच असतो, बाबा."

"तिथे म्हणजे?"

"खेळात. आम्ही टाकी बांधलीय तिथे. कट्टा पण. गल्ली सगळी." त्याने नाक बाहीला पुसलं. "बॅटरीला वसतिगृहात मारतात. तो कोणाला सांगत नाही, आम्हालाच सांगतो. मी दहा दिवस गेलो नाही."

हात त्याच्या पाठीवर ठेवायला गेलो तर पाठ कुठे सुरू होते कुठे संपते कळेना, एवढी रुंद झालीय. कधी झाली?

घरी आल्यावर पहिल्यांदा त्याला माझ्या फोनवरून बॅटरीला निरोप पाठवू दिला. उत्तर लगेच आलं. ‘मेलास का रे टिल्ल्या’ एवढंच. तो हसला आणि मग रडला. या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

६ ऑगस्ट

ही परत यायला निघाली होती. मी नको म्हटलं. "एवढं शिकतेस, ते अर्धवट सोडू नकोस. मला शिकू दे इथलं." तिने रागाने फोन ठेवला, मग पुन्हा केला.

तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्या टिल्लूशी एकट्याशी बोलल्या, मग माझ्याशी. म्हणाल्या, मित्रांची ओढ खरी आहे आणि व्यसनही खरं आहे. एक आहे म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. आधी झोप, मग शाळा, मग खेळ, आणि खेळ बैठकीच्या खोलीत, दार उघडं ठेवून. कपाटातलं यंत्र परत आणलं. बॅटरीला मारतात हे त्याच्या घरी कळवलं. त्याचे वडील आधी मानायलाच तयार नव्हते. म्हणाले, मुलगा आहे, चार फटके खाईल तर घट्ट होईल. मी म्हटलं, साहेब, मीही असंच म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी गेले त्याला बघायला.

१८ ऑगस्ट

सगळं गोड नाही. परवा पहाटे उठलो तर हा बैठकीत, पांघरूण डोक्यावरून घेऊन पडद्यासमोर. पुन्हा भांडण, पुन्हा दार आपटणं, पुन्हा ‘आता नाही करणार’. मी यंत्राची वायर उशाखाली घेऊन झोपायला लागलोय. सख्खा बाप असून पहारेकरी झालो.

भांडी मात्र तो घासतो. पहिल्या दिवशी दोन फोडली. शेजारीण बघून म्हणाली, अगं बाई, मुलाला लावलंत? तिच्या मुलीला दारातून हसू आवरत नव्हतं.

२ सप्टेंबर

आज त्याने गल्ली दाखवली.

मी म्हटलंच नव्हतं. म्हणाला, बघायचीय का? शेजारी खुर्ची ओढली. ठोकळ्यांची इमारत, ठोकळ्यांचा जिना. टाकी हुबेहूब, तिच्या गळक्या नळासकट. कट्ट्यावर चार जणांच्या जागा ठरलेल्या. पहिल्या मजल्यावर आमची खिडकी आणि तिच्यात दिवा.

"हा बंद नाही करत कधी," तो म्हणाला. "आई स्वयंपाकघरात असायची ना, तेव्हा कट्ट्यावरून दिसायचा."

दाराबाहेर एक बाहुला उभा होता, खांद्याला पिशवी.

"हा कोण?"

"तुम्ही."

"बाहेर का उभा आहे?"

"कामावर चाललाय."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. जसा जिना तसा तो बाहुला, गल्लीत होतं ते सगळं नीट बांधलेलं. मी विचारलं, याला आत आणता येतं का? तो म्हणाला, येतं की. पण लगेच काही केलं नाही आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.

रविवारचं काम मी आता घेत नाही. साहेबांना सांगितलंय.

१२ ऑक्टोबर

बरेच दिवस वहीला हात लावला नाही. फोनाफोनी चालली होती. चौघांना एकत्र आणायचं म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा अवघड. गोट्याच्या गॅरेजच्या मालकाला मीच भेटलो. लंब्याचा मामा म्हणाला, पाठवतो, पण संध्याकाळच्या गाडीला बसवून द्या. बॅटरीच्या वडिलांनी स्वतः आणून सोडलं.

टिल्लूने सकाळपासून तीन शर्ट बदलले.

आणि आल्यावर? काही नाही! चौघे बैठकीत चार कोपऱ्यांत, पाहुणे बसावेत तसे. रोज तासन्तास बोलणारी पोरं. लंब्याला मिशी फुटलीय, ती तो हाताने झाकत होता. बॅटरी कोणाच्याच डोळ्यांत बघत नव्हता. गोट्याच्या नखांत ग्रीस, माझ्यासारखंच. त्याने हात मांड्यांखाली दडवले होते.

"काय रे?"

"काही नाही. तुझं?"

"काही नाही."

एकेकाच्या खिशातून फोन बाहेर आला. मला रडू यायचं बाकी राहिलं. एवढी खटपट केली ती याच्यासाठी? लंब्याने मला हळूच विचारलं, "काका, यंत्र लावू का?" मी म्हटलं लावा, काय हवं ते करा, मी ब्रेड घेऊन येतो. खरं म्हणजे तिथे बसवेना.

दुकानात मुद्दाम वेळ काढला. परत येताना लिफ्टमध्ये मनाला बजावलं, चौघे पडद्याला चिकटलेले दिसले तरी तोंड वाकडं करायचं नाही.

दार उघडलं तर आवाजच नाही. पडदा बंद. मला वाटलं, गेले कुठेतरी.

बैठकीत गादी ओढून अंथरलेली होती आणि चौघे तिच्यावर झोपलेले. आडवेतिडवे, पिल्लं पडावीत तसे. गोट्याचा काळा हात टिल्लूच्या तोंडावर. लंब्याचे पाय गादीबाहेर फरशीवर. बॅटरीचा चष्मा कोणीतरी काढून उंच टेबलावर ठेवला होता, तुडवला जाऊ नये म्हणून, आणि तो मध्ये होता, तिघांच्या मधोमध, तोंड उघडं टाकून घोरत होता. काय बोलले, बोलले की नाही, कोण आधी आडवं झालं, मला कधी कळणार नाही.

मी ब्रेड ओट्यावर ठेवला. जोडे काढले. हिला फोटो पाठवावा म्हणून फोन हातात घेतला, पण आवाज होईल म्हणून तसाच खाली ठेवला.

लंब्याला गाडीला बसवायची वेळ होत आली होती. त्याच्याजवळ वाकलो, खांद्यावर हात ठेवला. तो झोपेतच गोट्याकडे सरकला.

मी हात काढून घेतला आणि बाहेर येऊन त्याच्या मामाला फोन लावला. म्हटलं, आज नाही पाठवत. उद्या मी स्वतः आणून सोडतो.